लाल रंग सर्वांत शेवटी

जुनी शस्त्रं विकणारा जाणता माणूस कट्यार गिऱ्हाइकाच्या हातात लगेच देत नाही. आधी ती आपल्याच हातात तिरकी धरतो, छताच्या पांढऱ्या दिव्याकडे पाठ करतो आणि खिशातल्या छोट्या बॅटरीचा झोत मुठीवर एका कडेने टाकतो. समोरून उजेड पडला तर मिन्याचे रंग नुसते चकाकतात. कडेने पडला की हिरवा खोल होत जातो, त्याच्या तळाशी केसाएवढ्या रेघा दिसू लागतात, आणि काचेच्या त्या पातळ थरालाही तळ असतो हे पहिल्यांदा कळतं.

मला ते शारजात कळलं, ब्लू सूकच्या वरच्या मजल्यावर. १९७८ साली उघडलेला हा बाजार म्हणजे निळ्या फरश्यांनी मढवलेल्या दोन लांबच लांब इमारती आणि त्यांना जोडणारे पूल. खाली सोन्याची झगझगीत दुकानं. जिना चढून वर गेलं की आवाज निवतो. गालिच्यांच्या चळती, लांब चोचीच्या पितळी कॉफीदाण्या, बदूंच्या बायकांच्या जड चांदीच्या माळा, आणि मधूनच एखाद्या काचेच्या कपाटात हिंदुस्थानी हत्यारं. शारजात आठवड्याची सुट्टी शुक्रवारपासूनच लागते. त्या संध्याकाळी घरची कामं आवरली की मी वर जाऊन बसते. विकत घेण्याची ऐपत नसलेल्या बाईलाही बसायला स्टूल आणि हातात चहा देणारा एक मुलतानी म्हातारा तिथे आहे. मी त्याला चाचा म्हणते, तो मला बाजी म्हणतो. त्याच्या आजोळी चांदीवर मिना भरायचे. मुलतानचा निळा मिना जुन्या काळापासून नावाजलेला. तो निळा बघत मोठा झालेल्या या माणसाने मला सांगितलेली पहिली गोष्ट रंगाबद्दल नव्हतीच. "रंग बाद में, बाजी. पहले गड्ढा देखो."

मिनाकाम म्हणजे रंगकाम, अशीच आपली समजूत असते. वास्तविक ते आधी खोदकाम आहे. सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर चितेरा वेल, पक्षी, फुलं आखून देतो. खोदणारा पोलादी कलमाने त्या आकृतीच्या आतला धातू उकरून काढतो आणि कडेला उभी, पातळ भिंत ठेवतो. तेवढ्यावर तो थांबत नाही. खळग्याच्या तळावर तो पुन्हा बारीक रेघा ओढत जातो, पाकळीत एका दिशेने, पानात दुसऱ्या दिशेने, पक्ष्याच्या पंखात पिसांच्या वळणाने. पेरणीआधी जमीन नांगरावी तसं हे काम. या रेघांमुळे काच तळाला घट्ट धरून बसते. शिवाय आत शिरलेला उजेड त्या रेघांवर आपटून निरनिराळ्या कोनांतून परत येतो, म्हणून एकाच हिरव्या रंगात पान कुठे फिकं, कुठे गडद दिसतं. ही नांगरट एकदा रंग भरला की झाकली जाते. ती दिसते फक्त मिना उडाल्यावर.

चाचाकडे एक कट्यार आहे, ती मी पुन्हा पुन्हा बघायला मागते. दोन समांतर बाहू, मधे मुठीचे दोन आडवे दांडे, पुढे रुंद तिकोनी पातं. मूठ वळली की पातं थेट बोटांच्या रेषेत पुढे येतं, अशी खास हिंदुस्थानी रचना. मुठीवर चांदी, चांदीवर निळी जमीन, निळ्यावर हिरवी पानं, पानांआड लपलेला एक हरिणासारखा प्राणी. लखनौच्या बाजूचं काम असावं असं चाचा म्हणतो; तिकडे अवधच्या नवाबीत चांदीवर निळा-हिरवा मिना आणि त्यात पशुपक्षी असं पुष्कळ काम झालं, तलवारींच्या मुठींवर आणि म्यानांच्या तोंडावर-टोकावरही. पानं जागच्या जागी आहेत, निळाही जवळजवळ सगळा आहे. फुलं मात्र रिकामी आहेत. प्रत्येक फुलाच्या पाचही पाकळ्यांत नुसती काळवंडलेली चांदी आणि तिच्यावरच्या त्या रेघा. मधल्या गाभ्यापासून कडेकडे पसरत गेलेल्या, टोकाला किंचित वळलेल्या. इतकं सुबक काम झाकण्यासाठी केलेलं होतं, हे माझ्या मनाला कितीतरी दिवस पटत नव्हतं.

रंग म्हणजे धातू मिसळलेली काच. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा, कथलाने दुधी पांढरा. काचेचे खडे खलात पाण्याबरोबर कुटून, धुऊन धुऊन त्यांची पूड करायची. ती ओली पूड टोकदार सळईने खळग्यात बसवायची, वाळवायची आणि वस्तू भट्टीत सरकवायची. पूड वितळली की खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी कुरुंदाने घासून काच आणि धातू एका पातळीवर आणायचे आणि झिलई द्यायची. जयपूरला ही कामं वेगवेगळ्या हातांत वाटलेली होती: चितेरा, सोनार, खोदणारा, मीनाकार, घासणारा, आणि रत्नं बसवायची असतील तर जडिया. एकाच्या चुकीचं फळ दुसऱ्याच्या हातात फुटायचं. खोदणाऱ्याने एखादी भिंत फार पातळ ठेवली, तर ते मीनाकाराला भट्टीच्या तोंडाशी कळणार.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे रंगांचा क्रम. सगळे रंग एका आचेत पिकत नाहीत. ज्याला सर्वांत जास्त आच लागते तो पांढरा आधी. मग उतरत्या आचेने निळा, हिरवा आणि बाकीचे. लाल सर्वांत शेवटी, कारण तो सर्वांत नाजूक. आच जरा वाढली की तो काळवंडतो, पारदर्शकपणा हरवतो. जयपूरची सगळी कीर्ती त्या लालावर उभी आहे, माणकासारख्या आरपार लालावर, आणि तो लाल साधायला खाली सोनं लागतं. चांदीवर तो पिवळट, मळका पडतो. म्हणून चांदीवर काम करणाऱ्यांनी आपले रंग वेगळे निवडले. निळा, हिरवा, केशरी. भट्टी साधारण साडेसातशे ते साडेआठशे अंशांवर असते. सोनं वितळतं १०६४ अंशांना, चांदी ९६२ला. म्हणजे चांदीवर काम करणारा आपल्या वस्तूच्या मरणापासून फार थोड्या अंतरावर उभा राहून रंग पिकवत असतो, तेही तापमापकाशिवाय, निखाऱ्यांच्या रंगावरून अंदाज घेत. हे वाचल्यापासून मला निळ्या जमिनीकडे साध्या नजरेने बघता येत नाही.

वाचलं ते बहुतेक मोबाइलवर, जुन्या पुस्तकांच्या पिवळट पानांच्या प्रतिमांमधून. जॉर्ज बर्डवुडचं हिंदुस्थानच्या कारागिरीवरचं पुस्तक १८८० सालचं. हा बर्डवुड १८३२ मध्ये आपल्या बेळगावात जन्मला, मुंबईत डॉक्टर म्हणून राहिला, आणि आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून जे उभं आहे त्याच्या उभारणीत त्याचा वाटा होता. प्रिन्स ऑफ वेल्सला १८७५-७६च्या दौऱ्यात मिळालेल्या भेटींबद्दल तो लिहितो, तेव्हा जयपूरच्या मिन्याच्या एका मोठ्या तबकावर थबकतो. ते पुरं व्हायला चार वर्षं लागली होती. त्याच दौऱ्यात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून जगदंबा तलवार गेली, हे आपल्याला पाठ असतं. तबकाचं नाव आपल्याकडे कोणी काढत नाही, आणि त्यात नवल नाही. १८८६ मध्ये जयपूरचा डॉक्टर हेंडली आणि इंजिनिअर स्विंटन जेकब यांनी फक्त जयपूरच्या मिन्यावर एक पुस्तक काढलं. त्यात राजा मानसिंगाची काठी आहे: तांब्याच्या गाभ्यावर ओवलेली सोन्याची ३३ नळकांडी, वर हिरवट जेडची कुबडी, आणि नळकांड्यांवर मिन्यात प्राणी, फुलं, निसर्ग. अकबराच्या दरबारात उभं राहताना मानसिंग तिच्यावर टेकत असे, असं परंपरा सांगते. लाहोरहून मीनाकार आणून आमेरात वसवले तेही यानेच, असंही जयपूरचे कारागीर सांगत आले. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त दरबारच्या कारागिरांत मीनाकाराची नोंद आहे. म्हणजे चाचाच्या कपाटातल्या त्या निळ्यामागे कमीत कमी सव्वाचारशे वर्षांची वाट आहे.

मी परभणीची. आमच्या डोक्यात शस्त्र म्हणजे लोखंड. गडावरची तोफ, संग्रहालयातला दांडपट्टा, वाघनखं, फार तर पात्यावरची सोनेरी अक्षरं. लहानपणी खंडेनवमीला घरातली विळी, अडकित्ता, वडिलांचं पान्यांचं खोकं पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. इथे शारजाच्या फ्लॅटमध्येही मी तो पाट मांडते, त्यावर सुरी असते, लॅपटॉप असतो, गाडीची किल्ली असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नमस्कार करायचा, इतकं सरळ ते आहे. शस्त्राला फुलापानांनी नटवायचं, ही मला परक्या दरबाराची चैन वाटायची. उत्तरेकडची, नाजूक लोकांची.

पण परभणीने मला आणखी एक गोष्ट दाखवली होती, तिचा अर्थ इथे येऊन लागला. आमच्याकडे चाऊस मंडळींची वस्ती आहे. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या, दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतच्या अरबांचे ते वंशज. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादेइतकेच ते परभणी-नांदेडकडेही रुजले, मराठी बोलू लागले, शाळेत आमच्या बाकावर बसले. त्यांच्या लग्नांत मरफा वाजायचा. मोठ्या ढोलांचा तो ठेका सुरू झाला की बाप्ये हातात काठ्या किंवा जंबिये धरून नाचायचे, आणि आम्ही पोरी गच्चीवरून बघायचो. जंबिया हा शब्द मला मराठीच वाटायचा, मिरचीसारखा किंवा कात्रीसारखा घरातला. त्या वाकड्या पात्याचं गाव समुद्रापलीकडे आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

अरबांचं आणि आपलं हे शस्त्रांचं नातं निजामापुरतं नाही. भोसल्यांच्या नागपुरात अरब शिपाई होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर डिसेंबर १८१७ मध्ये शहर लढवत राहिले ते तेच. मे-जून १८१८ मध्ये नारोशंकरांच्या मालेगावच्या भुईकोटात अरबांनी इंग्रजांना जवळजवळ चार आठवडे झुंजवलं. पेशवाई बुडाल्यावरही ते लढत होते, कुणाच्या भाकरीला जागून, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्यांनी आपला जंबिया इकडे आणला, आणि इकडच्या कारागिरांनी त्याला इकडच्या मुठी आणि म्यानं केली. उलट दिशेची वाट तर त्याहून कितीतरी जुनी. जुन्या अरबी कवितेत चांगली तलवार म्हणजे हिंदची तलवार. आपल्या दख्खनचं पोलाद त्या वाटेने जात होतं. शारजाच्या जुन्या शहरात दरवर्षी वारसा महोत्सव भरतो. तिथे अय्याला होतो: पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात भाल्यांची जागा घेणाऱ्या वेताच्या काठ्या, मधे ढोल, आणि कोणी तलवार फिरवणारा. पहिल्यांदा तो ठेका कानावर पडला तेव्हा मी गर्दीत उभी होते आणि मला परभणीची गच्ची आठवली. आजूबाजूच्या कुणालाच हे सांगून समजलं नसतं, म्हणून घरी येऊन आईला फोन केला.

तेव्हापासून शोभेच्या शस्त्रांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. ती चैन होतीच, पण ती देण्याघेण्याची भाषाही होती. मिन्याची मूठ लढाईला नेत नाहीत. काच आहे ती, एक घाव झेलला की उडेल. ती कमरेला लावायची, दरबारात, लग्नात, सणाला. किंवा कुणाला द्यायची. आणि दिलेलं शस्त्र म्हणजे मोठी नाजूक गोष्ट. मी तुझ्या हातात धार देतो आहे, माझ्याकडे मूठ नाही, तुझ्याकडे आहे, एवढा विश्वास त्यात असतो, निदान तसा देखावा तरी असतो. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला खंजीर जगप्रसिद्ध आहे. मुठीत तीन मोठे पाचू, वरच्या टोकाच्या पाचूखाली इवलं घड्याळ, म्यानावर हिरे आणि मधोमध मिन्यात रंगवलेली फळांची टोपली. ऑटोमन सुलतान पहिल्या महमूदाने तो नादिरशहासाठी करवला. वकील भेटी घेऊन निघाले आणि वाटेत असतानाच, १७४७ मध्ये, नादिरशहाचा खून झाल्याची बातमी आली. खंजीर परत फिरला. ज्याला द्यायचा तोच मेला, म्हणून तो आज शाबूत आहे. नादिरशहाकडून सुलतानाला आलेलं सिंहासनही त्याच राजवाड्यात आहे. सोन्यावर मिना, पाचू, मोती, सगळं हिंदुस्थानी हातांचं. नादिरशहाने १७३९ मध्ये केलेल्या दिल्लीच्या लुटीतला माल असा वाटला गेला. १७४१ मध्ये त्याचे वकील चौदा हत्ती घेऊन रशियाच्या राजधानीत पोचले, त्यांच्याबरोबरही मोगल मिन्याची सोन्याची भांडी होती. ती आता हर्मिटाजमध्ये आहेत. दिल्लीत माणसं कापली गेली आणि मिना मात्र जपून, मऊ कापडात गुंडाळून, अर्ध्या जगभर नेला गेला. या दोन गोष्टी एका वाक्यात मांडताना माझा हात थरथरतो, पण त्या घडल्या एकाच माणसाच्या हुकमाने.

म्हणून मारण्याच्या वस्तूवर फुलं का, हा प्रश्न मला सोडत नाही. अबुधाबीच्या लूव्ह्रमध्ये २०२०च्या फेब्रुवारीत 'फुरुसिय्या' नावाचं प्रदर्शन लागलं होतं, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या घोडेस्वार योद्ध्यांच्या संस्कृतीवर. युरोपातली चिलखतं आणि इस्लामी जगातली शस्त्रं शेजारी शेजारी. मधे महामारीमुळे सगळं बंद झालं. दारं उघडल्यावर मी गेले. १८० मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली, आठ थरांच्या जाळीतून गाळून येणाऱ्या उन्हाच्या कवडशांत बराच वेळ उभी राहिले. मग आत गेले, आणि शिरस्त्राणांवर कोरलेल्या वेली बघताना वाटलं, जगात कुठल्याच लोकांना नुसतं पोलाद अंगावर सहन झालेलं नाही. मृत्यूच्या इतक्या जवळ जाताना माणसाला काहीतरी उगवणारं बरोबर हवं असतं. कदाचित. की सुंदर करून ठेवलं की हत्या सोसवते? दोन्ही विचार मी बाळगून आहे आणि दोघांचं पटत नाही.

चाचाला असले प्रश्न पडत नाहीत. तो मला लाख दाखवतो. मुठीपासून पातं सुटलेली एक तलवार त्याच्याकडे आली होती. मूठ वेगळी, पातं वेगळं. मुठीच्या पोकळीत तपकिरी खरकटं चिकटलेलं. आपल्याकडे बहुतेक तलवारींची मूठ पात्याच्या शेपटाला लाखेने बसवतात, हे मला तेव्हा कळलं. पातं एका भट्टीतून येतं, तापवून, घडवून, पाण्यात किंवा तेलात विझवून कडक केलेलं. मिना दुसऱ्या भट्टीतून येतो. जोडल्यावर दोघांनाही पुन्हा आगीत घालता येत नाही. पात्याची कडकी उतरेल किंवा रंग फुटतील. म्हणून त्यांच्या मधे लाख ओततात. झाडावरच्या किड्याने केलेला डिंकासारखा पदार्थ, थोड्याशा धगीने मऊ होणारा. एवढ्याशा धगीत मूठ सोडवता येते, नवं पातं बसवता येतं. कितीतरी तलवारींच्या मुठी पात्यांपेक्षा तरुण असतात आणि पाती मुठींपेक्षा परदेशी. आपल्या मराठी फिरंगीचं पातं युरोपातून यायचं आणि मूठ इथली. तेव्हा शस्त्राचं गाव विचारताना कुठल्या भागाचं, हे आधी विचारावं लागतं.

ही हत्यारं इथवर कशी आली, हेही मी विचारते. भारताच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. चाचा सांगतो, त्याच्याकडचा माल लंडनच्या लिलावांतून, इथल्या जुन्या घरांतून येतो. त्याआधीच्या कितीतरी पिढ्यांत मुंबई आणि हे किनारे एकाच व्यवहाराचे होते. १९६६पर्यंत इथे रुपयाच चालत असे. मी त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवते, आणि तरी प्रत्येक कपाटापुढे तो प्रश्न मनात ठेवूनच उभी राहते. नव्या नकलाही पुष्कळ येतात. राळेचे रंग भरून, मुद्दाम काजळी लावून जुनं केलेल्या कट्यारी. त्या ओळखायला चाचाने मला बोट टेकवायला शिकवलं. काच गार लागते. भिंगाखाली खऱ्या मिन्यात इवले बुडबुडे दिसतात, भट्टीत अडकलेल्या हवेचे. कुठल्याशा कारागिराच्या भट्टीतली हवा दोनशे वर्षं त्या निळ्यात बंद आहे, आणि मी ती बघते आहे.

गेल्या दिवाळीत आईच्या पाटल्या घेऊन मी दुबईतल्या देराच्या गोल्ड सूकमागच्या एका छोट्या कारखान्यात गेले होते. मिना उडाला होता, भरून हवा होता. जिन्यावरच्या खोलीत चारपाच कारागीर मांडी घालून बसलेले, त्यातला मिन्यावाला राजस्थानी. त्याने पाटल्या उलटसुलट करून पाहिल्या, आतल्या बाजूलाही बारीक हिरवा वेल होता तो दाखवला. जुन्या कुंदनाच्या दागिन्यांत पाठीला असा मिना असतो, अंगाला लागणाऱ्या बाजूने, घालणारीलाही न दिसणारा. बोलता बोलता मी त्याला कट्यारीचा फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला आणि रिकाम्या पाकळ्यांवर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, यात लाल होता.

मी म्हटलं, चांदी आहे, लाल कसा? त्याचं म्हणणं, प्रयत्न केला असेल. सोन्याच्या वर्खाचा पातळ पदर खाली देऊन कोणी कोणी चांदीवर लाल चढवतात; तो धरला नसेल, हळूहळू सुटला असेल. हिरवा, निळा शाबूत आणि नेमकी फुलंच सगळी रिकामी, याला दुसरं कारण काय? शेवटी भाजलेला रंग आधी गेला. पुढच्या शुक्रवारी मी हे चाचाला सांगितलं. तो मान हलवत राहिला. लखनौवाला असं धाडस करणार नाही, म्हणाला, केशरी असेल. आणि केशरी असेल तर तो का गेला, यावर त्याच्याकडे वेगळं उत्तर होतं: कुणीतरी मुठीला कुठल्याशा आम्लात घालून साफ केलं असणार, आणि तो रंग त्यातल्या त्यात कच्चा.

देराच्या कारागिराला ती मूठ भरून द्यायची आहे. पैसे नकोत म्हणतो, फक्त हातात द्या. फुलं फुलांसारखी दिसायला हवीत, रिकामं ठेवण्यासाठी कोणी खोदत नाही. चाचा देत नाही. पुन्हा भट्टीत घातली तर उरलेला निळाही तडकेल, आणि थंड राळेचा रंग भरायचा तर न भरलेलीच बरी. मला दोघांचं पटतं, हीच माझी अडचण. भरल्या की रेघा पुन्हा झाकल्या जातील. पण त्या झाकण्यासाठीच होत्या ना? खोदणाऱ्याने उजेडाचा हिशोब लालासाठी केला होता की केशरीसाठी, ते रेघांच्या खोलीवरून सांगता येईल असं कारागिराला वाटतं. जयपूरला त्याचा एक मामा अजून खोदकाम करतो. त्याला दाखवायला पाकळ्यांचे जवळून काढलेले फोटो हवेत, कडेने उजेड टाकून, भिंगातून. चाचाने बॅटरी धरायचं कबूल केलं आहे.